एकाच गठ्ठ्यातलं पाइन, पण दोन फळ्यांचे दोन स्वभाव: असं का होतं?

रंधा_सिंदेवाही

नमस्कार मंडळी. सिंदेवाहीला माझं फर्निचरचं दुकान आहे. सुतारकी घरात पिढीजात, त्यामुळे हात सागावर बसलेला. पण आता सागाचा भाव परवडत नाही म्हणून बरंच गिऱ्हाईक पाइन मागतं. आमच्याकडे ते दोन वाटांनी येतं. एक नागपूरच्या लाकूडबाजारातून. ते परदेशी ओंडक्यांचं, गांधीधामकडच्या आरामशिनींवर चिरलेलं असतं. दुसरं बुटीबोरीच्या कारखान्यांत मशिनींसोबत आलेल्या खोक्यांचं आणि पॅलेटचं. या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, बाजूला देशाची दोन अक्षरं आणि 'एचटी'.

प्रश्न असा आहे. एकाच गठ्ठ्यातल्या फळ्या, तीच जाडी, तीच रुंदी, एकाच शेडमध्ये रचलेल्या. एक पांढरट पिवळी, रंधा मारला की लांबच लांब छिलके निघतात, अख्खा उन्हाळा गेला तरी सरळ. दुसरी हाताला जड. टोकाकडून पाहिलं तर एका अंगाची वलयं रुंद आणि विटकरी, दुसऱ्या अंगाची बारीक. ती मधोमध चिरायला घेतली तर करवत अडकली आणि दोन्ही भाग बाहेरच्या अंगाला वाकले. तिसऱ्या फळीचा दिवाणाचा पाटा केला, व्हार्निश झालं, गिऱ्हाईकाच्या टिनाच्या खोलीत गेला, आणि मे महिन्यात गाठीगाठीतून राळ पाझरून चादरीला चिकटली.

इथले लोक म्हणतात, "पाइन कच्चंच असते." मला ते पटत नाही. पहिली फळीही पाइनचीच होती ना! मग फरक नेमका कशात आहे? जातीत, चिरण्यात, सुकवण्यात, की झाड वाढलं त्या जागेत? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

धानपट्टा

चांगला धागा. आमच्या घरचं पाइनचं कपाट नऊ वर्षांपासून जसंच्या तसं आहे, आणि काकांकडच्या कपाटाची दारं दुसऱ्याच पावसाळ्यात लागेनाशी झाली. दोन्ही एकाच वाढयाने केलेली. वाचतोय.

लगदा_ते_कागद

रंधाभाऊ, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलात, म्हणून जरा लांब लिहितो. माझी नोकरी कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. बांबू, निलगिरी, सुबाभूळ, पाइन, सगळ्याच्या चिपा शिजवून पाहिल्या. कागदवाल्याला लाकडाचं रसायन बघावंच लागतं, कारण लगदा किती निघणार आणि सोडा किती लागणार हे त्यावरच ठरतं.

पाइनच्या कोरड्या लाकडात ढोबळमानाने ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि २५ ते ३० टक्के लिग्निन असतं. उरलेल्यात राळ, मेदाम्लं वगैरे. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीत बांबूचा तट्टा असतो आणि त्यावर मातीचा गिलावा. सेल्युलोज म्हणजे तो तट्टा, लिग्निन म्हणजे गिलावा. ओढ तट्टा सोसतो, दाब गिलावा सोसतो. हे प्रमाण पाइनच्या सगळ्या झाडांत सारखं नसतं. एकाच झाडात बुंध्याला वेगळं, शेंड्याला वेगळं, गाभ्याला वेगळं, सालीजवळ वेगळं.

तुमची दुसरी फळी घ्या. विटकरी, जड, एका अंगाला रुंद वलयं. ते झाड कललेलं होतं. सतत एका बाजूचा वारा, डोंगरउतार, नाहीतर फांद्यांचा एकांगी भार. पाइन कललं की खालच्या अंगाला वेगळ्या घडणीचं लाकूड घालतं आणि खोड वर ढकलतं. याला दाबकाष्ठ म्हणतात. त्यात लिग्निन ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत चढतं, सेल्युलोज घटतं, आणि गॅलॅक्टन नावाची एरवी अगदी थोडी असणारी साखरसाखळी चांगलीच वाढते. म्हणजे गिलावा जास्त, तट्टा कमी. शिवाय पेशीच्या भिंतीतले सेल्युलोजचे धागे उभे न राहता तिरके गुंडाळले जातात, आणि सगळा घोळ या तिरकेपणात आहे. लाकूड सुकताना धाग्याच्या आडव्या दिशेला आटतं. धागे उभे असले तर फळी रुंदीला आटते, लांबीला जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. धागे तिरके पडले की लांबीलाही आटते, दाबकाष्ठात १ ते २ टक्के, कधी त्याहून जास्त. सहा फुटी फळीत १ टक्का म्हणजे जवळजवळ पाऊण इंच. एक अंग पाऊण इंच आखडणार आणि दुसरं जागेवर राहणार, मग फळी वाकणार नाही तर काय करणार? करवत अडकली तीही त्याच ताणामुळे.

आता वयाचं. परदेशी पाइनचं उदाहरण म्हणून न्यूझीलंड घेऊ. तिथल्या लागवडीत जवळपास ९० टक्के क्षेत्र रेडिएटा पाइनचं आहे. हे झाड मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं. तिथे नैसर्गिक रान थोडंसंच उरलंय, आणि न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलियात त्याची अफाट लागवड झाली. न्यूझीलंडमध्ये ते साधारण २५ ते ३० वर्षांत तोडतात. झाडाच्या मध्यातली पहिली दहा-एक वलयं म्हणजे बालकाष्ठ. त्यात लिग्निन थोडं जास्त, सेल्युलोज कमी, घनता कमी आणि धागे तिरके: गर्भाजवळ, म्हणजे खोडाच्या अगदी मध्यबिंदूपाशी, उभ्या रेषेपासून ४० अंशांच्या आसपास, बाहेरच्या वलयांत उतरत उतरत १० ते १५ अंशांवर. म्हणजे ओंडक्याच्या मध्यातून निघालेली फळी आणि सालीजवळून निघालेली फळी, रसायनाच्या हिशेबाने ही दोन वेगळी लाकडं आहेत. पॅलेटला बहुतेक मधलाच माल जातो, कारण बाहेरचा चांगला माल इमारतीच्या कामाला निघतो.

आणि इथे जमीन आडवी येते. तिकडे जुन्या चराऊ कुरणांवर, खतावलेल्या जमिनीत पाइन लावलं की ते भराभर फुगतं, फांद्या जाड येतात, गाठी मोठ्या होतात. दहाव्या वर्षीच खोड इतकं जाड होतं की कापणीच्या वेळी ओंडक्याचा मोठा हिस्सा बालकाष्ठाचाच असतो. हलक्या जमिनीत दाट लावलेलं पाइन हळू जाड होतं, मधला भाग लहान राहतो आणि लाकूड जास्त ताठ निघतं. जात तीच, बी तेच.

राळेचं उद्या लिहितो, तो विषय स्वतंत्र आहे.

रंधा_सिंदेवाही

काका, हात जोडतो. फळी वाकली की गिऱ्हाईक वाढयाला बोलतं, आणि झाड कललेलं होतं हे आम्हाला कुणी सांगत नाही.

एक विचारू? मग 'एचटी' शिक्क्याचा उपयोग काय? भंगारवाला सांगतो की शिक्का आहे म्हणजे माल पक्का सुकवलेला.

लगदा_ते_कागद

नाही भाऊ. 'एचटी' म्हणजे हीट ट्रीटमेंट, तो शिक्का किडीसाठी आहे. लाकडाच्या आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं दिलं, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्याने किडा मरतो, फळी सुकत नाही. देशाची अक्षरंसुद्धा ही प्रक्रिया कुठे केली ते सांगतात, झाड तिथेच वाढलं असं त्यातून निघत नाही.

आता राळ. पाइनच्या लाकडात राळेच्या बारीक नळ्या असतात. झाडाला जखम झाली, किडा शिरला, वाऱ्याने खोड पिळवटलं की झाड राळ ओततं. उत्तराखंड-हिमाचलमध्ये चीड पाइनच्या खोडाला खाच पाडून राळ गोळा करतात आणि तिच्यातून टर्पेंटाइन नि रोझिन वेगळं काढतात. तुम्ही पॉलिशात ओतता ते खरं टर्पेंटाइन या झाडाचं.

पाण्याचा आणि राळेचा संबंध मला फार महत्त्वाचा वाटतो. पाणी कमी पडायला लागलं की झाडाची वाढ आधी थांबते, पानांत साखर तयार होणं मात्र आणखी काही काळ चालू राहतं. ही साखर नव्या पेशी बांधायला लागत नाही, मग ती राळ आणि तत्सम संरक्षक रसायनांकडे वळते. म्हणून मध्यम ताण सोसलेल्या झाडात राळ वाढलेली दिसते. दुष्काळ फारच कडक असेल तर साखरच बनत नाही आणि राळही घटते. न्यूझीलंडमध्ये कँटरबरीच्या मैदानात कोरडे, जोरदार वारे वाहतात. तिथल्या रेडिएटा पाइनमध्ये राळेच्या पोकळ्या ही जुनी डोकेदुखी आहे. वरून फळी स्वच्छ दिसते, रंधा मारला की वलयाच्या कडेने चपटी, राळेने भरलेली फट उघडते.

तुमच्या तिसऱ्या फळीचं सांगायचं तर गाठीत राळ सगळ्यात जास्त, आणि ती घट्ट होऊन जागीच बसावी म्हणून फळी भट्टीत साधारण ७० अंशांच्या वर तापवावी लागते. ५६ अंशांवर, तेही अर्धा तास, ती बसत नाही. मग आपला मे महिना, ४६ अंश, वर टिन. पाझरणारच.

पळस_आणि_लाख

गाठींवर व्हार्निशच्या आधी लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळते, स्पिरिटमधली लाख वाळली की तिच्यातून ती सहजी वर येत नाही. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाख घेतात, म्हणजे आपल्याच रानाचा माल वापरून होतो.

वर्ग_बारावी_जीवशास्त्र

मी वनस्पतीशास्त्र शिकवते. लिग्निन डोळ्यांनी दिसत नाही असं मुलांना वाटतं, म्हणून आम्ही खोडाचा पातळ काप काचपट्टीवर घेतो, फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब आणि त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल. बघता बघता लिग्निन असलेल्या पेशी लालभडक होतात, बाकीच्या तशाच राहतात. तालुक्याच्या कॉलेजातही हा प्रयोग होतो. रंधाभाऊंनी विटकरी भागाचा तुकडा जवळच्या कॉलेजात नेला तर मुलांनाही नवीन काही पाहायला मिळेल.

हवामानाची एक बाजू इथे यायला हवी. नवी पेशी आधी आकाराने वाढते, मग भिंत जाड होते आणि लिग्निन भरण्याचं काम सगळ्यात शेवटी संपतं. या कामाला ऊब लागते. थंड प्रदेशात उन्हाळा लवकर संपला तर त्या वर्षीच्या शेवटच्या पेशींत लिग्निन पुरतं भरलंच जात नाही. सॅफ्रानिन आणि अ‍ॅस्ट्रा ब्लू हे दोन रंग दिले की लिग्निन भरलेल्या पेशी लाल होतात, अर्धवट राहिलेल्या निळ्या. अशा वलयांना निळी वलयंच म्हणतात, आणि जुन्या पाइनमध्ये ती मोजून पूर्वीचे थंड उन्हाळे ओळखतात. एका थंड ऋतूची खूण झाडाच्या रसायनात शेकडो वर्षं टिकून राहते, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

बांधावरचा_साग

राम राम. मी गोंडपिपरीकडचा शेतकरी. वाचून डोकं उघडलं, पण आमचा प्रश्न येगळा हाये. माह्या वावराच्या बांधावर आन् पडीकात साग लावला हाये. ठिबक देऊन राहिलो, युरिया देऊन राहिलो. झाडं लय जोमात हायेत, पाहणारा म्हणते काय साग आला बाप्पा! पण आरामशीनवाला म्हणते, पाणी पाजलेला साग म्हणजे पांढरा भेंड, जंगलातल्या सागाची सर त्याले येत नाही. आता तुमी म्हणून राहिले का भराभर वाढलं का लाकूड कमजोर. मंग म्या पाणी बंद करू का?

घाटावरून

बरोबर सांगतोय आरामशीनवाला. हळू वाढलेलं लाकूड ते खरं लाकूड. पूर्वीचा माल बघा.

सीपी_टीक

घाटावरून भाऊ, इथे थोडं थांबा. पाइनचा नियम सागाला जसाच्या तसा लावता येत नाही. माझी नोकरी सागाच्या लागवडीतच गेली, म्हणून कळकळीने लिहितो. या समजुतीपायी लोक चांगली झाडं उपाशी ठेवतात.

पाइनच्या वलयात आधी पातळ भिंतीचं हलकं लाकूड आणि ऋतूच्या शेवटी जाड भिंतीचं दाट लाकूड येतं. नत्र-पाणी सुरुवातीला भरपूर मिळालं की हलका भाग रुंदावतो, म्हणून घनता घटते. उलट ऋतूच्या उत्तरार्धात ओल टिकली तर दाट भाग वाढतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या लॉबलॉली पाइनमध्ये हे नीट पाहिलं गेलं आहे. म्हणजे पाइनमध्येसुद्धा किती पाणी यासोबत कधी पाणी हेही मोजावं लागतं.

साग वेगळ्या घडणीचा. पावसाळ्याच्या तोंडावर पालवी येताना तो मोठ्या नळ्यांची एक रांग घालतो, ती तुम्हाला टोकाला बारीक छिद्रांच्या वलयासारखी दिसते. ती रांग दरवर्षी जवळपास तेवढीच. झाड जोरात वाढलं तर त्यापुढचा दाट तंतूंचा भाग रुंदावतो. त्यामुळे जोमात वाढलेला साग केवळ त्या कारणाने हलका किंवा कमजोर ठरत नाही.

मग आरामशीनवाल्याला दिसतं ते काय? ते आहे वय. बाहेरचं पांढरं लाकूड जिवंत असतं, त्यात पिष्ट साठलेलं असतं, म्हणून भुंगा त्यावर तुटून पडतो आणि पिठासारखा भुसा पाडतो. झाड मोठं होतं तसं आतल्या पेशी मरतात. मरता मरता त्या साठ्यातून रसायनं बनवून स्वतःत भरतात, आणि तोच सागाचा गाभा. सागात टेक्टोक्विनोन, लॅपॅचॉल अशी क्विनोनं, स्क्वॅलीन आणि थोडं रबरासारखं द्रव्यही असतं. ताज्या सागाला हात लावला की तेलकट वाटतो आणि चामड्यासारखा वास येतो, तो यांचा. वाळवी सागाच्या गाभ्यापासून दूर राहते तीही यांच्यामुळे. कोवळ्या झाडात गाभा धरायला सुरुवात झालेली असली तरी त्यात ही द्रव्यं कमी असतात. दहा-बारा वर्षांच्या झाडाचा गाभा दिसायला तपकिरी असेल, पण टिकाऊपणात साठ वर्षांच्या झाडाशी त्याची तुलना करू नका. पाण्याने गाभा बिघडत नाही. पाण्याने झाड लवकर जाड होतं, लोक लवकर तोडतात, आणि मग पांढरा भाग जास्त निघतो.

जमिनीचं मात्र सागाला फार कळतं. त्याला खोल, निचऱ्याची, चुनखडी असलेली जमीन मानवते. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या रानात तो खुंटतो. आपल्या भागाच्या कोरड्या हवेतल्या सागाचा रंग आणि नक्षी बाजारात वेगळी ओळखतात, जुने व्यापारी आजही 'सीपी टीक' म्हणतात, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या मध्य प्रांताचा (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) साग. आलापल्ली-बल्लारशाचा साग २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला, त्याचा सगळ्यांनाच आनंद झाला. पण तो जंगलातला पक्व माल होता. बांधावरच्या पंधरा वर्षांच्या झाडाला तोच भाव मिळेल असं सांगून रोपं विकणारे भेटतात, त्यांच्यापासून जपा.

बांधावरचा_साग

मंग पाणी चालू ठेवतो. पन युरिया?

सीपी_टीक

मूळ धरेपर्यंत, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं द्या, माती तपासून. पुढे विरळणीला महत्त्व द्या. झाडं एकमेकांत अडकली की जाडी थांबते, आणि जाडी थांबली की गाभाही वाढत नाही. आणि खालच्या फांद्या बारीक असतानाच खोडालगत कापा, म्हणजे गाठ आतच राहते आणि तिच्यावर स्वच्छ लाकूड चढतं.

निलगिरी_राजुरा

आमच्याकडे निलगिरी नि सुबाभूळ, सगळं कागदाला जातं. लगदा काका, आम्हाला कोणतं रसायन हवं? आमचा भाव तर वजनावर ठरतो.

लगदा_ते_कागद

कारखान्याला सेल्युलोज जास्त आणि लिग्निन कमी हवं. शिजवताना कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड घालून लिग्निनच विरघळवून काढतात. रुंदपर्णी झाडांचं लिग्निन पाइनपेक्षा लवकर सुटतं, कारण त्यात सिरिंजिल नावाचे घटक असतात आणि त्यांची गुंफण सैल असते. पाइनमध्ये जवळजवळ सगळे ग्वायसिल घटक, त्यांची वीण घट्ट. म्हणून पाइन शिजायला जड, पण त्याचा तंतू लांब, त्यामुळे पोत्याचा कागद मजबूत होतो. आणि पाइन शिजवताना राळ नि मेदाम्लांचा साबण वर तरंगतो, तोही गोळा करून विकतात.

तुमच्या शेतात कलती झाडं असतील तर एक लक्षात ठेवा. निलगिरी, सुबाभूळ, साग ही पाइनच्या उलट वागतात. कलली की वरच्या अंगाला ताणकाष्ठ घालून खोड वर ओढतात. त्यात सेल्युलोज जास्त, लिग्निन कमी. कागदाला चालतं, फर्निचरला मात्र वैताग. रंधाभाऊंना अनुभव असेलच, रंधा मारूनही जिथे लव उभी राहते आणि पॉलिश डागाळतं, तो भाग.

रंधा_सिंदेवाही

हो काका! आमच्याकडे त्याला 'रोवा उठला' म्हणतात. पात्याला धार लावून लावून माणूस थकतो, पण रोवा बसत नाही.

या धाग्यावरून मी दुकानात आता असं करणार आहे. गठ्ठा आला की आधी टोकं धुवायची आणि वलयं बघायची. गर्भ फळीतच असेल तर ती मागच्या बाजूच्या पट्ट्यांना. एक अंग विटकरी आणि रुंद असेल तर लांब तुकडा काढायचाच नाही, छोटे ठोकळे करायचे. वलयं जवळजवळ सरळ रेषांसारखी दिसत असतील तर ती फळी सालीकडची, ती दारांना आणि पाट्यांना. गाठींना लाख. काही चुकत असेल तर सांगा.

लगदा_ते_कागद

काही चुकत नाही. फक्त वजनही बघा. सारख्या मापाच्या, सारख्या सुकलेल्या फळ्यांत एखादी उगीच जड लागली तर ती दाबकाष्ठाची नाहीतर राळेने भरलेली. दोन्ही बाजूला काढा.

बांधावरचा_साग

शेवटचं विचारतो. नाल्याच्या काठचे चार साग कलले हायेत. तेच विरळणीत काढू का? आन् आपलंच झाड हाये तं परवानगी कायले पाहिजे?

सीपी_टीक

हो, कललेलेच आधी काढा. त्यांच्या वरच्या अंगाला रोव्याचं लाकूड असणार, ठेवून फायदा नाही. फक्त नाल्याची कड ढासळणार नाही इतकं बघा, खुंट खणू नका, त्याला पुन्हा धुमारे येतील.

परवानगी लागतेच. साग महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचित झाडांत येतो, स्वतःच्या शेतातला असला तरी. आधी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते पाहा, नसेल तर करून घ्या, मग वनविभागाकडे अर्ज द्या. वाहतूक परवाना हातात येईपर्यंत ओंडका बांधावरून हलवू नका.